खाती सतराशे साठ, पण वाली एकही नाही!



गिरणीत खाती असतात आणि सरकारातही खाती असतात. खाते म्हणजे काय, हे गिरणीतल्या माणसाला कुणी शिकवायला लागत नाही. ब्लोरूममधून कापूस आला नाही तर कार्डिंग थांबते. कार्डिंगने पेळू दिला नाही तर थ्रॉसल थांबते. कांड्या आल्या नाहीत की साचेखात्यात साचा उभा! आणि साचा उभा राहिला की पाच मिनिटांत जॉबर येतो, दहा मिनिटांत मास्तर येतो, आणि पहिला सवाल एकच होतो — कुणामुळं थांबला? त्याला उत्तर द्यावंच लागतं. "आमच्या खात्याचं काम चोख आहे साहेब, फक्त कापड तेवढं निघालं नाही" असं बोलणाऱ्या माणसाला कोणती गिरणी दारात उभा करील?

पण सरकारच्या खात्यांत नेमकं हेच उत्तर चालतं. नुसतं चालत नाही, छापून अहवालात येतं! आणि ते उत्तर कुणाच्या जिवावर उठलंय ते बघायचं असेल तर फार लांब जायला नको. मुंबईपासून मोटारीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पालघर जिल्ह्यात, जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके आहेत, तिकडं चला.

2011 च्या जनगणनेत जव्हारची वस्ती 1 लाख 40 हजारांच्या घरात होती, मोखाड्याची 83 हजारांच्या घरात. दर दहा माणसांत नऊ आदिवासी — वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. डोंगरउताराची जमीन, त्यावर नागली, वरी, थोडा भात, उडीद, खुरासणी. पाऊस धो धो, पण पाणी खडकावरून वाहून जातं आणि उन्हाळ्यात बाया हंडा घेऊन झऱ्यावर रात्र काढतात. घरातलं धान्य आषाढ-श्रावणात संपतं. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्टीवर जातं. शिमग्याला दोन दिवस परत येतं, पुन्हा जातं, आणि पावसाच्या तोंडाला पाड्यावर येतं. पिढ्यान् पिढ्या हेच चक्र चालू आहे.

1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात सव्वाशेच्या आसपास बालके दगावली. सारा महाराष्ट्र हादरला. त्या वेळचे मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक स्वतः तिथं गेले. सरकारने डोळे उघडले नाहीत असं आम्ही म्हणणार नाही. उघडले, आणि एकामागून एक उपाय झाले. जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्याचं ऑफिस आलं. 1993-94 पासून सुकथनकर समितीचं म्हणणं मान्य झालं. पूर्वी प्रत्येक खातं आपल्याच खर्चातला काही भाग "हा आदिवासींचा" म्हणून कागदावर दाखवी आणि मोकळं होई. समितीने सांगितलं, लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा बाजूला काढा आणि तो आदिवासी विकास खात्याच्या हातात द्या. 1995 साली नवसंजीवन योजना आली. कलेक्टर प्रमुख, आणि आरोग्य, पोषण, रेशन, रोजगार, पिण्याचं पाणी ही सगळी कामं पावसाळ्याआधी एकत्र बांधायची. तिच्यासाठी जिल्ह्यात गाभा समिती आली. 1 ऑगस्ट 2014 ला ठाणे फोडून पालघर जिल्हा झाला. त्या वेळी जव्हारलाच मुख्यालय करा अशी मागणी होती, ती मानली गेली नाही. मोखाड्याच्या माणसाला कलेक्टरचं तोंड बघायला आजही शंभर किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. 2015 साली गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचं जेवण देणारी अमृत आहार योजना आली. 2023 च्या नोव्हेंबरात कातकऱ्यांसारख्या जमातींसाठी केंद्राची जनमन योजना आली. तीत मंत्रालये नऊ आणि कामे अकरा!

म्हणजे योजनांचा दुष्काळ नाही. खात्यांनी एकत्र यावं हे सरकारला कळलेलं नाही, असंही नाही. तीस वर्षांपूर्वीच कळलं, तसे हुकूम निघाले, समित्या बसल्या. तरी 2016 साली कुपोषणाने पालघर पुन्हा देशाच्या वर्तमानपत्रांत आला. तरी 2022 च्या ऑगस्टात, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाची तोरणं लागलेली असताना, मोखाड्यातल्या बोटोशीच्या मर्कटवाडीत रस्त्याअभावी एका बाईची जुळी बाळं दगावली, आणि तिला झोळीत घालून डोंगरातून खाली आणावं लागलं. मग आमचा सवाल आहे — साचा कुणामुळं थांबला?

एक घर, नऊ वह्या

पाड्यावरचं एक घर घ्या. कोणतंही घ्या. बापाचं जॉबकार्ड ग्रामपंचायतीत. आईचं आणि तान्ह्या पोराचं नाव अंगणवाडीच्या वहीत. त्याच पोराच्या लशीची नोंद आरोग्य उपकेंद्रात. थोरली पोरगी आश्रमशाळेत, ती आदिवासी विकास खात्याकडं. मधला पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेत. रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेत. वनजमिनीचा दावा प्रांताकडं, आणि त्या जमिनीवर नजर वनखात्याची. घराचा हप्ता पंचायत समितीत. पाड्याचा रस्ता बांधकाम खात्यात.

एक घर, नऊ वह्या, नऊ साहेब. प्रत्येक वहीत आपल्यापुरतं काम "झालं". अंगणवाडीने आहार वाटला. आरोग्यवाल्याने वजन घेतलं. पुरवठ्याने धान्य सोडलं. पंचायतीने काम मंजूर केलं. नऊच्या नऊ वह्यांत बरोबरची खूण आहे, आणि घरात पोर मरणपंथाला लागलं आहे! कारण आहार आला तेव्हा आई भट्टीवर होती. वजन घेतलं तेव्हा पोराला दवाखान्यात न्यायला रस्ता नव्हता. धान्य सुटलं ते दुकानापर्यंत, आणि दुकान दोन डोंगरांपलीकडं. काम मंजूर झालं ते माणसं गाव सोडून गेल्यावर. ह्या नऊ वह्या एका टेबलावर आणून "ह्या घराचं काय झालं?" असं विचारणारा माणूस सरकारात कोण आहे? बैठका घेणारे पुष्कळ आहेत. बैठक झाली की इतिवृत्त निघतं, इतिवृत्तावर सही होते, आणि पुढच्या बैठकीत मागच्या इतिवृत्ताला मान्यता मिळते. आम्ही ह्याला समन्वय म्हणत नाही. गिरणीत ह्याला रिकामा फिरणारा चात म्हणतात.

अमृत आहाराचंच बघा. योजना चांगली आहे, आम्ही तिचं स्वागत करतो. पण पैसा आदिवासी विकास खात्याचा, अंगणवाडी महिला व बालविकासाची, राबवायची जिल्हा परिषदेने, आणि चूल पेटवायची त्या तुटपुंज्या मानधनावरच्या सेविकेने. वरून पैसा उशिरा आला की ती बाई किराणावाल्याकडं उधारी करते. उशीर कुणाचा, हे तिला कुणी सांगत नाही. आंध्रातून आलेलं अंडं आणि मंत्रालयातून निघालेला पैसा, दोन्हींची वाट बघणारी तीच.

रस्त्याचं बघा. लोक म्हणतात, वनखातं आडवं येतं. पण कायदा काय सांगतो? 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3 चं पोटकलम 2 आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशनदुकान, विजेची तार, पाण्याची नळवाहिनी, तळं, रस्ता अशा तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. अट इतकीच की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं पडू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. त्याला दिल्लीला जावं लागत नाही, विभागीय वनाधिकाऱ्याच्या पातळीवर काम होतं. म्हणजे वाट मोकळी आहे! पण ग्रामसभेला ठराव करायला सांगायचं कुणी? ग्रामसेवकाने. प्रस्ताव भरायचा कुणी? बांधकाम खात्याने. पाहणी करायची कुणी? वनक्षेत्रपालाने. चौघांनी एका आठवड्यात एका ठिकाणी उभं राहावं एवढंच काम आहे. ते होत नाही म्हणून बाईला झोळीत घालावं लागतं.

आणि पाण्याचं तर बोलायलाच नको. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण आहे. 2014 पासून ते मुंबईला दिवसाला 45 कोटी 50 लाख लिटर पाणी पुरवतं. त्याच मोखाड्यात दर उन्हाळ्यात टँकर धावतात. धरण महापालिकेचं, टँकरची मंजुरी महसुलाची, नळयोजना जिल्हा परिषदेची, नळाच्या वाटेतली जमीन वनखात्याची. मुंबईच्या नळाला पाणी आलं, कारण त्या नळामागं एकच मालक उभा आहे आणि त्याला रोज सकाळी उत्तर द्यावं लागतं. मोखाड्याच्या हंड्यामागं चार मालक आहेत, म्हणजे एकही नाही.

1 मे 1960 ला मराठी माणसाने मुंबईसह महाराष्ट्र मिळवला. त्या "मुंबईसह" शब्दासाठी गोळ्या झेलल्या. आम्ही आज सांगतो, मुंबईसह म्हणजे मुंबईच्या नळाला पाणी देणाऱ्या मोखाड्यासह!

मार्चअखेर आणि आषाढ

सरकारचं साल एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. भुकेचं साल वेगळं आहे. ती ज्येष्ठात येते, आषाढात चढते आणि नागली घरात आल्यावर उतरते. खात्यांचा पैसा मंजूर होऊन खाली येईपर्यंत दिवाळी जाते. मग मार्चअखेरची घाई, तेव्हा कामं निघतात, बिलं फाटतात. पण त्या वेळी पाड्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या! कामाची माणसं भट्टीवर विटा थापताहेत. काम आहे तेव्हा माणूस नाही, माणूस आहे तेव्हा काम नाही. मग अधिकारी लिहितो, "मजुरांची मागणी नाही."

2020 साली टाळेबंदीत हाल झाले म्हणून आदिवासी कुटुंबाला 4,000 रुपयांचं खावटी अनुदान जाहीर झालं. निम्मे रोख, निम्म्याच्या वस्तू. हेतू चांगला. पण त्या वस्तू हातात पडायला 2021 साल उजाडलं. पोटाला लागलेली भूक निविदेची वाट बघत थांबत नाही, हे मंत्रालयातल्या शहाण्यांना कोण सांगणार?

भट्टीवर गेलेल्या पोराची गत काय? त्याचं नाव मोखाड्याच्या अंगणवाडीत, पोट भिवंडीच्या भट्टीवर. स्थलांतराची नोंद ठेवायची व्यवस्था अलीकडं झाली आहे, रेशन कुठंही उचलता येईल असंही झालं आहे. ठीक. पण नोंद म्हणजे घास नव्हे. भट्टी ज्या तालुक्यात, त्या तालुक्याच्या अंगणवाडीने दार उघडलं पाहिजे आणि तिथल्या कामगार अधिकाऱ्याने उचलीचा हिशेब तपासला पाहिजे. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 चा आहे, त्यात जिल्ह्याला आणि तालुकागटाला दक्षता समित्या सांगितल्या आहेत. 1945 साली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी लाल बावट्याखाली वेठ नाकारली. त्यांच्या नातवंडांनी उचलीपायी भट्टीवर पाच महिने अडकून पडायचं आणि समितीने बैठकीचा भत्ता उचलायचा, हे आम्हाला कबूल नाही.

होत नाही म्हणता? झालं आहे!

काही साहेब म्हणतील, इतकी खाती एका दोरीत बांधणं शक्य नाही. आम्ही म्हणतो, ह्याच महाराष्ट्राने बांधून दाखवली आहेत. 1972 च्या दुष्काळात 1973 च्या मे महिन्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं एका वेळी दुष्काळी कामावर होती. बांधकाम, पाटबंधारे, शेती, वन, सगळ्या खात्यांनी कामं काढली, आणि जिल्ह्याला जाब देणारा माणूस एकच होता, कलेक्टर. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्या अनुभवातून कायद्यात आली. 1977 ला कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. आणि त्याचा खर्च भागवायला 1975 साली व्यवसायकर बसला. शहरातल्या पगारदाराकडून तो आजही महिन्याला 200 रुपये कापला जातो. तेव्हा आम्ही जव्हारबद्दल विचारतो ते दया आली म्हणून विचारत नाही. आम्ही साच्यावर उभं राहून मिळवलेल्या पैशाचा हिशेब विचारतो.

दुसरं उदाहरण. 2005 साली राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन काढलं. त्याच्या हातात मोठा खजिना नव्हता. आरोग्य खातं आणि अंगणवाडी ह्यांना एका जागी बसवायचं, रिकाम्या जागा भरून घ्यायच्या, पोराचं वजन खरं लिहायला लावायचं, आणि पहिल्या दोन वर्षांवर डोळा ठेवायचा, एवढंच काम. 2005-06 साली राज्यात दोन वर्षांखालच्या शंभरातल्या 39 पोरांची वाढ खुंटलेली होती, 2012 साली ती 23 वर आली. सगळं श्रेय एका मिशनचं नाही, आणि हा आकडा साऱ्या राज्याचा आहे, जव्हारचा नाही. तरी खाती एका जागी बसली की पोराच्या अंगावर मांस चढतं, एवढं त्यातून कळतं. लांबच्या ब्राझील देशाने 2003 साली चार वेगवेगळ्या मदती एकत्र करून एकच कुटुंब-भत्ता केला आणि साऱ्या खात्यांना गरिबांची एकच यादी वापरायला लावली. आपल्याला नऊ वह्यांची एक वही करता येऊ नये?

दोन आक्षेप आम्ही स्वतःच मांडतो, कारण ते खरे आहेत. पहिला — सगळी सत्ता एका साहेबाच्या हातात दिली तर तो नवा संस्थानिक होईल. जव्हारने 1948 पर्यंत राजा पाहिला आहे, पुन्हा राजा नको. बरोबर! म्हणूनच हिशेब मंत्रालयात नको, ग्रामसभेत हवा. 1996 चा पेसा कायदा आहे, राज्याचे नियम 2014 ला झाले, 2015 पासून आदिवासी योजनेचा पाच टक्के पैसा सरळ ग्रामपंचायतीला जातो. पाड्यावरच्या माणसाला कारभार कळत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा बोहाडा बघावा. साऱ्या गावाची सोंगं, पाळ्या, वर्गणी, रात्र रात्र बिनचूक चालते, कोणत्याही उपसचिवाशिवाय!

दुसरा आक्षेप — समन्वयाच्या नावाखाली खरी टंचाई झाकली जाईल. हाही धोका आहे. डॉक्टरची खुर्ची रिकामी असेल तर ती कोणाशी समन्वय करणार? नर्स नाही, गाडीला डिझेल नाही, तिथं बैठक घेऊन काय होणार? तेव्हा आधी माणसं भरा, मग त्यांना एका दोरीत बांधा. एकाशिवाय दुसरं म्हणजे थट्टा.

आमच्या मागण्या

एक. प्रत्येक घराची एकच वही. ती ग्रामपंचायतीत राहील, सगळी खाती तीतच लिहितील. पोराचं वजन, आईचा आहार, बापाची मजुरी, रेशन, सगळं एका पानावर.

दोन. जव्हारच्या अप्पर जिल्हाधिकाऱ्याला दोन्ही तालुक्यांतल्या सर्व खात्यांना हुकूम देण्याचा आणि अडलेला पैसा सोडवण्याचा लेखी अधिकार द्या. त्याची तीन वर्षं बदली नको. काम अडलं तर कोणत्या टेबलावर किती दिवस अडलं, ते त्याने फळ्यावर लिहावं.

तीन. कामाचं साल भुकेच्या सालाप्रमाणे लावा. दिवाळीआधी पाड्यावर काम सुरू, मजुरी पंधरा दिवसांत हातात. मे संपायच्या आत धान्य, औषध आणि आहाराचा पैसा पाड्यावर पोचता.

चार. वनहक्काच्या कलम 3(2) खालचे सारे रस्ते-नळांचे प्रस्ताव महिन्याभरात निकालात काढा, यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

पाच. भट्टी जिथं, जबाबदारी तिथल्या तहसीलदाराची आणि कामगार अधिकाऱ्याची. मोखाड्याची वही भिवंडीत चालली पाहिजे.

सहा. मध्य वैतरणेच्या सावलीतल्या पाड्यांना आधी पाणी.

सात. दर महिन्याला ग्रामसभेत सगळ्या खात्यांचे अधिकारी एका चटईवर बसतील आणि वहीतली पानं मोठ्याने वाचली जातील. लोकांच्या बोलीत वाचली जातील. वारलीण बाईला कळेल अशा भाषेत सांगता येत नसेल तर तो हिशेबच नव्हे.

कामगार बंधूंनो, मुंबईतल्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पण जिथं जिथं साचे चालतात तिथं आपले हात आहेत, आणि आपली युनियन आहे. भिवंडीच्या आसपास ज्यांची वस्ती आहे त्यांनी ह्या हंगामात जवळच्या वीटभट्टीवर जावं. तिथल्या किती पोरांना अंगणवाडी मिळाली, किती बापांना उचल किती हे माहीत आहे, एवढं लिहून आणावं आणि युनियनच्या ऑफिसात द्यावं. ते कागद आम्ही पालघरला नेऊ. एका खात्याने दुसऱ्याकडं बोट दाखवलं तर त्या दुसऱ्या खात्याच्या दारात बसू, त्याने तिसऱ्याकडं दाखवलं तर तिसऱ्याच्या. खाती संपतील, आमची माणसं संपणार नाहीत.

साचा कुणामुळं थांबला, ह्याचं उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही.

जव्हार-मोखाड्याचा हिशेब झालाच पाहिजे!